इथून आपण आत आलो

ईरिस टॉकीजमध्ये मखमल नव्हती. कधीच नव्हती. लाकडी खुर्च्या होत्या, उठलं की फाडकन मिटणाऱ्या, आणि त्यांच्या खिळ्यांनी फोस्काचे निदान तीन स्कर्ट फाडले होते. जन्मभर इस्त्रीचं दुकान चालवलेल्या बाईला कापड कशाला म्हणतात आणि लाकूड कशाला, हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पण क्लबच्या खोलीत कार्यक्रमाच्या तयारीला जमलेली बावीस माणसं एकामागून एक उठत होती आणि डोळे पुसत सांगत होती, की अहाहा, काय ती लाल मखमल!

"लाकूड होतं," फोस्का चौथ्यांदा म्हणाली.

"लोकांना आठवू दे ग, फोस्का," लेन्झी बाई म्हणाल्या. बाईंनी बोर्गो वस्तीतल्या निम्म्या लोकांना पाढे शिकवले होते, त्यामुळे ऐंशी उलटली तरी त्यांच्यापुढे कुणाची मान वर होत नसे. "आठवणींचा कार्यक्रम आहे. सुतारकामाचा नाही."

फोस्काने हात टेकले. ईरिस टॉकीज बंद झालं त्या शेवटच्या खेळाला आत अकरा माणसं होती, आणि त्यातली दोन पावसात छत्री नव्हती म्हणून आलेली. आता डोळे पुसणाऱ्यांपैकी एकही त्या अकरांत नव्हता. मग तिथे वीस वर्षं गाद्यांचं दुकान चाललं आणि याच लोकांनी तिथून घासाघीस करून गाद्या आणल्या. गादीवाला गावाबाहेर गेल्यावर जागा नुसती बंद पडून होती. बाईंनी लिवोर्नोच्या नगरपालिकेत खेटे घालून एका रविवारापुरती किल्ली मिळवली, आणि सगळ्यांना एकदम प्रेमाचं भरतं आलं. येत्या मे महिन्यातला रविवार, दुपारी चार वाजता. आधी आठवणी, मग सिनेमा.

आणि मग इलिओ उठला. फोस्काने डोळे मिटून घेतले.

इलिओ म्हणजे तिचा नवरा. अठ्ठावीस वर्षं बंदरावर क्रेनच्या केबिनमध्ये उंचावर एकटा बसला होता, त्यामुळे खाली उतरला की जो भेटेल त्याच्याशी बोलायचा. आणि निवृत्त झाल्यापासून तर तो खाली उतरलेलाच होता. पावाच्या दुकानात टकळी सुरू व्हायची ती उशीला डोकं टेकेपर्यंत. वारा, नगरपालिका, शेजाऱ्याचा गुडघा, कशावरही. फक्त एका गोष्टीवर हा माणूस चकार शब्द काढत नसे, ती म्हणजे मासे. लिवोर्नोसारख्या बंदराच्या गावचा माणूस, आणि माशांवर गप्प! शुक्रवारी फोस्का पाच जातींचे मासे घालून रस्सा करायची, जिनाभर वास सुटायचा, शेजारीपाजारी दारात येऊन नाक वर करायचे, आणि इलिओ चर्चमध्ये बसल्यासारखा मान खाली घालून जेवायचा. सुरुवातीला तिला वाटलं, आवडत नसेल. पण ताट तर पावाने पुसून खायचा. शेवटी तिने विचारणं सोडून दिलं. एवढं बोलणारा माणूस कशावर तरी गप्प बसतो, हेच पुष्कळ झालं.

"अडुसष्ट साल," इलिओ सांगू लागला. "फेब्रुवारी. वारा असा सुटलेला, की मी म्हटलं, आज क्रेनवर चढलो तर थेट कॉर्सिका बेटावर उतरेन."

"मार्च," फोस्का म्हणाली.

"मार्च. म्हणून काम बंद. म्हणून मी इकडे बोर्गोत आलो आणि शिरलो ईरिसमध्ये. सिनेमा पाऊण तास होऊन गेलेला."

आता हे तरुण लोकांना सांगावं लागतं आणि सांगूनही पटत नाही, की त्या काळी सिनेमाला वेळेवर जायचं असतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. दुपारी एकदा सुरू झालं की ते थांबायचंच नाही, एका खेळामागे दुसरा. आपलं काम आटोपलं की जायचं, बॅटरीवाल्याच्या उजेडामागे चाचपडत रिकामी खुर्ची गाठायची आणि समोर जे चाललं असेल तिथून बघायला लागायचं. कोण मेलंय आणि कोण कुणाची बायको, हे शेजारच्याला विचारायचं. शेवट आधी बघायचा आणि सुरुवात नंतर. मग आपण आत शिरलो होतो तो प्रसंग पडद्यावर आला, की "इथून आपण आत आलो" असं हळूच म्हणायचं आणि उठायचं. बोर्गोतल्या दोन पिढ्यांनी जगातले सगळे सिनेमे उलटे पाहिले आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

"शेजारी एक मुलगी," इलिओ सांगत होता. "अंधारात तोंड दिसेना. मी विचारलं, काय झालं हो आतापर्यंत? आणि ती सांगायला लागली. काय सांगायची! कप्तान, दीपगृह, ती विधवा, तो कुत्रा! पडद्याकडे कोण बघतंय? मग मध्यंतराचे दिवे लागले, वळून बघतो तर..." इथे तो दर वेळी थांबायचा, आणि दर वेळी हात लांब करून फोस्काकडे दाखवायचा. "ही! सिनेमा विसरलो असेन मी. तो आवाज नाही विसरलो."

बावीस जणांनी टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट त्यांनी प्रत्येकी किमान दहा वेळा ऐकली होती.

"दीपगृहातली विधवा!" लेन्झी बाई खुर्चीतून उठल्या. "इलिओ, तोच सिनेमा! बोलोन्या शहरातल्या एका सिनेमा-संग्रहातून मी तोच मागवलाय. पण पहिली तीन रिळं ओल लागून वाया गेलीयत. सिनेमा मधूनच सुरू होणार. तीन दिवस मला झोप नाही, की लोकांना कळणार कसं." बाईंनी फोस्काकडे बघितलं आणि फोस्काला पुढचं सगळं कळलं. "आपल्याकडे फोस्का आहे की! पहिला भाग फोस्का सांगेल. स्टेजवर. त्या दिवशी इलिओला सांगितला, अगदी तसाच."

पुन्हा टाळ्या पडल्या. फोस्काने तेवढ्या वाजवल्या नाहीत. कारण त्या सिनेमाचा पहिला भाग फोस्काने पाहिलेलाच नव्हता.

झालं होतं ते असं. त्या दिवशी वीस वर्षांची फोस्का ईरिसमध्ये शिरली तेव्हा बॅटरीवाल्याने तिला एका रांगेशी आणून सोडलं. त्या रांगेतून नेमकी एक मुलगी उठून बाहेर येत होती. ती आर्जिया, कोळणीची मुलगी, तिच्याच गल्लीतली. "माझ्या जागेवर बस," आर्जिया कुजबुजली. "मी इथूनच आत आले होते." फोस्का बसली. लगेच शेजारच्या अंधारातून एक पुरुष तिच्याकडे झुकला आणि म्हणाला, "मग? कप्तान मेला की काय?" फोस्का दिवसभर ऑर्डरच्या चादरींना इस्त्री करून आली होती. "गप बसा आणि बघा," ती म्हणाली. दहा मिनिटांनी दिवे लागले. तो वळला. केस पाण्याने चापून बसवलेले, खांदे दाराएवढे, आणि डोळ्यांत असं काही, जे तिच्याकडे बघताना तोवर कुणाच्याच डोळ्यांत आलं नव्हतं. तो म्हणाला, "काय सुरेख सांगता हो तुम्ही!"

आणि फोस्का म्हणाली, "त्यात काय एवढं."

बस्स. तीन शब्द. सिनेमा संपल्यावर तो म्हणाला, चला, चण्याच्या पिठाची भाजलेली तोर्ता खाऊ. आणि हिने सुरुवात आधी पाहिलीय असंच ठरलेलं, तेव्हा ती कुठल्या तोंडाने म्हणणार, की थांबा, मला सुरुवात बघायचीय? ती उठली आणि त्याच्याबरोबर गेली. दुसऱ्या दिवशी ईरिसला दुसरा सिनेमा लागला. साखरपुड्याआधी सांगू असं तिने ठरवलं होतं, मग लग्नानंतर सांगू म्हणाली, आणि त्यानंतर सांगण्यासारखं ते राहिलंच नाही. "फोस्का, एकदा सांग ना तो सिनेमा," असं तो अधूनमधून म्हणायचा, आणि दर वेळी गॅसवर काहीतरी उतू जात असायचं. भीती एकच होती, आणि ती अठ्ठेचाळीस वर्षांत जराही म्हातारी झाली नव्हती. या माणसाने लग्न एका आवाजाशी केलं होतं, आणि तो आवाज तिचा नव्हता.

बरं, आर्जिया मेलेली नाही, परदेशी गेलेली नाही. त्याच गल्लीत तळमजल्यावर राहते, सत्तरीला टेकली तरी सकाळी बाजारात माशांच्या ओट्यावर उभी असते. तरुणपणी सिनेमे सांगावे ते तिनेच. मुली शिवण घेऊन तिच्या पायरीवर बसायच्या. मग घरोघर टीव्ही आला, तिला विचारणारं कुणी उरलं नाही, आणि भाव ओरडून ओरडून तिचा आवाज घोगरा झाला. इलिओने ती गोष्ट लग्नाच्या जेवणापासून शंभर वेळा तिच्यासमोर सांगितली होती. आर्जियाची पापणीही हलली नव्हती. अंधारात किती जणांना सिनेमे सांगितले, तिला कुठलं आठवतंय, असं म्हणून फोस्काने मनाची समजूत घातली होती. पण आता स्टेजवर आपली फजिती झाली आणि आर्जिया बोलून गेली तर?

कार्यक्रमाला तीन आठवडे होते. फोस्काने ठरवलं, आपणच सांगून टाकायचं. नवरा आपला, चूक आपली.

पहिल्या सोमवारी ती म्हणाली, "इलिओ, मला तुला काही सांगायचंय."

"आधी माझं ऐक," इलिओ म्हणाला. "त्या बंदराच्या चौकात गाढवांनी नवीन सर्कल बांधलंय." सर्कल जेवण होईपर्यंत पुरलं.

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाहेर बाकावर बसले असताना तिने पुन्हा धीर केला. इलिओच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख जुलैतली. "तो सिनेमा आहे ना," तिने सुरुवात केली. "हो ना," इलिओ म्हणाला, "मला तर पडदा नुसता धुरकट दिसणार. पण तू सांगणार म्हटल्यावर मला डोळे हवेत कशाला?" आणि त्याने तिचा हात हातात घेतला. फोस्काने ऑपरेशनचा विषय काढला.

तिसऱ्यांदा, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, तो दारातून आत आला तो लुपिनची पुडी घेऊन. मिठाच्या पाण्यातल्या त्या पिवळ्या बिया फोस्काला कधीच आवडल्या नव्हत्या. त्या दिवशी सिनेमात त्याने पुढे केल्या म्हणून चार चघळल्या होत्या, तर हा दर शनिवारी आणत आला होता. आणि पुडी देताना चेहरा असा, जणू काही काच फोडून आलाय.

"काय केलंस?" तिने विचारलं. हेही ती दर शनिवारी विचारायची.

"काही नाही."

"मग असा चेहरा का करतोस?"

"माझा चेहराच असा आहे," इलिओ म्हणाला आणि शेजाऱ्याच्या गुडघ्याविषयी बोलायला लागला. ती पुडी त्याच्या डोक्यावर ओतावी असं फोस्काला फार वाटलं. तिने ती फ्रिजमध्ये ठेवली.

रविवारी ईरिस गच्च भरलं. चर्चमधून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतींवर गाद्यांच्या जाहिरातींचे चौकोन, आणि त्या जाहिरातींमधून वाट काढत हात फिरवत माणसं म्हणत होती, इथे दिवा होता, इथे सोनेरी देवदूत होता. देवदूत! फोस्काने वर बघितलं. छताला ती सरकती चौकट अजून तशीच होती. उन्हाळ्यात मध्यंतराला बॅटरीवाला भिंतीवरचं चाक फिरवायचा, छप्पर करकरत बाजूला व्हायचं, आणि तीनशे माणसांच्या सिगारेटींचा धूर एकदम वर जायचा. मग समुद्राचा वारा आत उतरायचा आणि सगळं थेटर एका आवाजात म्हणायचं, "आऽऽ!" तिची आई विणकाम मांडीवर ठेवून डोकं मागे टाकायची. हे खरं होतं, आणि हे एकालाही आठवलं नव्हतं. फोस्काचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला.

इलिओने आपली गोष्ट सांगितली. या वेळी त्याने वाऱ्यात विजाही घातल्या. "आणि आता," तो म्हणाला, "तोच आवाज!" तो खाली उतरून पहिल्या रांगेत बसला आणि लेन्झी बाईंनी फोस्काच्या हातात माइक दिला.

"एक दीपगृह होतं," फोस्का म्हणाली. एवढं तर नावावरूनही कुणी सांगितलं असतं. "आणि एक विधवा."

समोर दीडशे माणसं होती. तिसऱ्या रांगेत गळ्यातल्या रुमालाशी चाळा करत आर्जिया बसली होती. आणि पहिल्या रांगेत इलिओ, डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून, वाट बघत. तो चेहरा बघितला आणि फोस्काच्या डोक्यात तिडीक गेली. अठ्ठेचाळीस वर्षं हा माणूस तिच्यासमोर बसून दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत होता, आणि स्वयंपाक कोण करत होतं? कपडे कोण धूत होतं?

"मला सुरुवात माहीत नाही," ती म्हणाली. माइकमुळे ते फारच मोठ्याने गेलं. "मी पाहिलेलीच नाही. इलिओ, तुला सिनेमा सांगितला तो मी नाही. आर्जियाने सांगितला. ती उठली आणि मी तिच्या जागेवर बसले. तू विचारलंस, कप्तान मेला की काय, आणि मी म्हटलं, गप बसा आणि बघा. एवढंच बोलले मी. बाकी सगळं तिचं."

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. इलिओने डोळे उघडले. तो उभा राहिला.

"गप बसा, ते तू?"

"मी."

"आणि त्याआधीचं सगळं, ती?"

"ती."

 इलिओला एवढा वेळ गप्प बसलेलं बोर्गोने कधी पाहिलं नव्हतं. फोस्काने माइक घट्ट धरला. आता हा जाणार, तिला वाटलं. दारातून बाहेर जाईल आणि मला घरी एकटीला जावं लागेल.

"म्हणजे," इलिओ म्हणाला, "माशांचं तू ऐकलंच नव्हतंस?"

"कुठल्या माशांचं?"

त्याने टोपी हातात गोल गोल फिरवली. "ती इतकं छान सांगत होती. मला वाटलं, आपणही काहीतरी गोड बोलावं. तिच्या हातांना माशांचा वास येत होता. मी म्हटलं, तुमच्या हातांना मासळीबाजारातल्या ओट्यासारखा वास येतो. चांगल्या अर्थाने म्हटलं मी! मला बंदर आवडतं! आणि मग जरा वेळाने मी कप्तानाचं विचारलं तर एकदम, गप बसा. मी म्हटलं, मेलो. मुलीचा अपमान केला आपण. दिवे लागले, तर तू म्हणालीस, त्यात काय एवढं. मला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाची मुलगी! पण त्यानंतर तू मला एकसुद्धा सिनेमा सांगितला नाहीस, फोस्का. एकसुद्धा नाही. मला वाटायचं, अजून राग गेलेला नाही. म्हणून मग..."

"म्हणून लुपिन?"

"म्हणून लुपिन. आणि म्हणून घरात कधी माशांचं नाव काढलं नाही."

"अरे, मी इस्त्रीवाली!" फोस्का ओरडली. "माझ्या हातांना माशांचा वास कुठून येणार?"

"मला वाटलं, त्या दिवसापासून तू हात घासतेस."

थेटर एव्हाना हसून हसून लोळायला आलं होतं, पण फोस्काला हसू येईना. तिच्या डोळ्यांसमोर पुड्या येत होत्या, एका शनिवारची एक, अठ्ठेचाळीस वर्षांच्या.

"मी ऐकलं होतं!" तिसऱ्या रांगेत आर्जिया उभी राहिली. "ओट्यासारखा वास! एकोणीस वर्षांच्या मुलीला असं कुणी बोलतं? मग काय, तिथेच बसून राहू? इथून मी आत आले म्हटलं आणि उठले. खोटं! माझा अजून अर्धा तास बाकी होता. तुझ्यापायी तो अर्धा तास मी आजपर्यंत पाहिलेला नाही, इलिओ!"

"म्हणजे अपमान झालाच होता," इलिओ म्हणाला. त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं. "तुझा."

"माझा! आणि लुपिन हिला!"

"तुला माहीत होतं?" फोस्काने विचारलं. "इतकी वर्षं?"

"तुमच्या लग्नातच कळलं. हा उभा राहून सांगतोय आणि तू ताटात बघतेस. लग्नाच्या जेवणात कोण तोंड उघडतं? आणि मला काय हा हवा होता? एवढी टकळी! मला घरात शांतता लागते ग बाई."

लेन्झी बाईंनी टाळी वाजवून वर्ग शांत केला. "ते सगळं घरी. सुरुवात कोण सांगणार?"

माइक आर्जियाकडे गेला. तिने तो तोंडाशी अगदी जवळ धरला आणि कुजबुजत सांगायला सुरुवात केली, आणि कुजबुजताना तो घोगरेपणा कुठल्या कुठे गेला. फोस्का पहिल्या रांगेत इलिओशेजारी येऊन बसली होती. वादळ, फुटलेली बोट, दीपगृहाच्या पायऱ्यांवर ओला कुत्रा, आणि विधवेला हातात दिवा घेऊन जिना चढायचा आहे. आर्जिया सुरेख सांगत होती. तेवढं मान्य करावंच लागलं. इलिओने डोळे मिटले होते. तो ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं, मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा होतं ते, आणि फोस्काने मान दुसरीकडे वळवली.

"आणि इथून मी उठले," आर्जिया म्हणाली. लोकांनी खूप वेळ टाळ्या वाजवल्या. ती येऊन फोस्काच्या मागच्याच खुर्चीवर बसली, आपला राहिलेला अर्धा तास बघायला. दिवे गेले.

पडद्यावर जिना आला. विधवा दिवा घेऊन चढत होती. फोस्काला तो जिना लगेच ओळखू आला. चादरींच्या वाफेने भाजलेली बोटं, ओला कोट, बॅटरीचा उजेड, सगळं.

"इथून मी आत आले," ती म्हणाली. कुणालाच नाही, अशीच.

इलिओ तिच्याकडे झुकला. "काय चाललंय? मला नुसतं पांढरं पांढरं दिसतंय."

"मागे आर्जिया बसलीय. तिला विचार. ती छान सांगते."

"तिला नाही विचारत. तुला विचारतोय."

"मला सांगता येत नाही, इलिओ."

"ते दिसलं आत्ता," इलिओ म्हणाला. "काय चाललंय?"

फोस्काने मोठा उसासा सोडला. मागे बसलेल्यांनाही तो ऐकू गेला असेल.

"जिना," ती म्हणाली. "बाई चढतेय. हातात दिवा. वर दार. उघडलं. कप्तान."

"मेलाय?"

"उभा आहे."

"मग मेला नाही. आणि कुत्रा?"

"कुत्राबित्रा काही नाही. तो हिने पदरचा घातला."

"कुत्रा होता!" मागून आर्जिया म्हणाली.

"आता कप्तान तिचा हात धरतोय," फोस्का म्हणाली. "हाताला दिव्याचं तेल लागलंय वाटतं. काहीतरी चकाकतंय."

"वास येत असेल," इलिओ म्हणाला. "रॉकेलचा. त्याला म्हणावं, काही बोलू नकोस."

"गप बस," फोस्का म्हणाली, "आणि ऐक."